वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते पहिल्या पिढीतील संचालक आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक होत. आधुनिक भारतीय विकृतिशास्त्राचा आणि वैद्यकीय संशोधनाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. कर्करोग, कुष्ठरोग आणि मानवी आनुवंशिकी ही त्यांच्या संशोधनाची तीन प्रमुख क्षेत्रे होती. कर्करोग हा केवळ नशिबाचा किंवा वार्धक्याचा भाग नसून त्याचे काही प्रकार माणसाच्या रोजच्या राहणीमानातून आणि सवयींतून उद्भवतात, ही गोष्ट भारतीय रुग्णांच्या आधारे दाखवून देणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कर्करोग हा मुख्यतः पाश्चात्त्य, सुधारलेल्या देशांचा आजार आहे आणि भारतात तो विरळा आढळतो, असा समज वैद्यकीय वर्तुळातही रूढ होता. या समजाला काही कारणे होती. प्लेग, पटकी, हिवताप, क्षय आणि देवी यांसारख्या साथींच्या व संसर्गजन्य रोगांनी देशात मोठ्या प्रमाणावर मृत्यू होत. सरासरी आयुर्मान कमी असल्यामुळे कर्करोग ज्या वयात अधिक आढळतो त्या वयापर्यंत अनेक लोक पोहोचतच नसत. बहुसंख्य मृत्यू रुग्णालयाबाहेर होत आणि त्यांचे कारण डॉक्टरांकडून निश्चित केले जात नसे. शवविच्छेदनाला समाजाची अनुकूलता नव्हती. ज्या रोगाचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहिल्याशिवाय पक्के होत नाही, तो रोग अशा परिस्थितीत नोंदींमध्ये दिसणे कठीणच होते.

१९३०च्या दशकात नाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी भारतातील वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालये यांच्या नोंदी एकत्र करून हा समज तपासला. त्यांच्या अभ्यासमालेतून असे दिसून आले की, वयाचा विचार करता कर्करोग भारतातही दुर्मीळ नाही. मात्र शरीराच्या कोणत्या अवयवाला तो अधिक होतो याचे चित्र युरोपपेक्षा वेगळे आहे. त्याआधी १९३३ मध्ये त्रावणकोर संस्थानात काम करणारे शल्यचिकित्सक ऑर यांनी विडा खाणाऱ्यांमध्ये आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाविषयी लिहिले होते. काश्मीरमध्ये थंडीत अंगाशी धरल्या जाणाऱ्या कांगडी या निखाऱ्यांच्या भांड्यामुळे पोटाच्या व मांडीच्या त्वचेला होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकाला माहीत होता. ही निरीक्षणे विखुरलेली होती. त्यांना एका सूत्रात बांधणारी संस्था, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित संशोधकांचा गट देशात नव्हता. खानोलकर यांचे कार्य या पोकळीच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

शिक्षण आणि अध्यापन

खानोलकर यांचा जन्म गोमंतकाशी नाते असलेल्या मराठी कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळवली. त्या काळात विकृतिशास्त्र हे मृत्यूनंतर रोगाचे कारण शोधणारे शास्त्र या मर्यादेतून बाहेर पडून जिवंत रुग्णाच्या उपचाराला दिशा देणारे शास्त्र बनू लागले होते. या बदलाचा खानोलकर यांच्या पुढील कार्याशी निकटचा संबंध आहे.

भारतात त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. यांपैकी पहिली संस्था १८४५ पासून चालत आलेली सरकारी संस्था होती. दुसरी १९२६ मध्ये परळ येथे राजे एडवर्ड स्मारक (के.ई.एम.) रुग्णालयाला जोडून सुरू झाली. सरकारी सेवेबाहेरील पात्र भारतीय डॉक्टरांनाच तिच्या अध्यापकवर्गात स्थान मिळावे, अशी देणगीदारांची अट होती. उच्च वैद्यकीय पदे बहुतांशी ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे असण्याच्या त्या काळात भारतीय अध्यापकांना संशोधनाला वाव मिळवून देणारी ही महत्त्वाची संस्था ठरली. येथे विद्यार्थ्यांची एक पिढी विकृतिशास्त्राकडे वळली.

टाटा स्मारक रुग्णालय

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी कर्करोगावरील उपचार व संशोधनासाठी भारतात संस्था असावी, असा विचार केला. परंतु १९३२ मध्ये त्यांचाही मृत्यू झाला. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने ही कल्पना पुढे नेली आणि परळ येथे उभारलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते झाले. केवळ कर्करोगासाठी वाहिलेले एवढे सुसज्ज रुग्णालय देशात यापूर्वी नव्हते. शल्यचिकित्सा, किरणोपचार आणि विकृतिशास्त्र ही तीन अंगे एकाच छताखाली आणणे ही त्याच्या रचनेतील महत्त्वाची गोष्ट होती.

खानोलकर यांनी या रुग्णालयाच्या प्रयोगशाळा व संशोधन विभागाची सूत्रे स्वीकारली. देशाच्या अनेक प्रांतांतून, वेगवेगळ्या जाती-धर्मांचे, वेगवेगळ्या आहारविहाराचे रुग्ण येथे येत असत. प्रत्येक रुग्णाच्या गाठीचा तुकडा तपासून निदान पक्के करणे हे प्रयोगशाळेचे दैनंदिन काम होते. या कामासोबत रुग्णाचे गाव, व्यवसाय, समाज, आहार, तंबाखूची सवय आणि पोशाख यांचीही पद्धतशीर माहिती जमवली, तर रोगाच्या कारणांचा माग काढता येईल, ही दृष्टी त्यांच्या संशोधनातून दिसते. रोजच्या निदानकार्यातून संशोधनाची सामग्री उभी करण्याची ही पद्धत पुढे या संस्थेची ओळख बनली. रुग्णालयाच्या शल्यचिकित्सेची धुरा या काळात डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी सांभाळली. रुग्णालयासमोरील रस्त्याला आज बोर्जिस यांचे नाव आहे.

विकृतिशास्त्र आणि कर्करोगाचे उपचार

कर्करोगाच्या उपचारात विकृतिशास्त्रज्ञाचे स्थान काय, हे त्या काळात गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अखेरच्या भागाच्या कर्करोगाच्या इतिहासातून स्पष्ट होत होते. १९०८ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी या रोगासाठी नवी शस्त्रक्रिया मांडली. पूर्वीच्या शस्त्रक्रियांत केवळ दिसणारी गाठ काढली जाई आणि बहुसंख्य रुग्णांत रोग पुन्हा उद्भवे. माइल्स यांनी मृत रुग्णांच्या तपासणीवरून रोग लसीका वाहिन्यांच्या मार्गाने वर, बाजूला आणि खाली कसा पसरतो, याचा अभ्यास केला. त्यावरून पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी शस्त्रक्रिया करून गुदाशय, गुदद्वार आणि त्याभोवतीच्या लसीका ग्रंथी एकत्रित काढून टाकाव्यात, असे त्यांनी सुचवले. रोग परत येण्याचे प्रमाण या शस्त्रक्रियेने कमी झाले. मात्र तिची किंमत मोठी होती. सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते आणि वाचलेल्या रुग्णाला पोटावर तयार केलेल्या कृत्रिम मलमार्गासह उर्वरित आयुष्य काढावे लागे.

कोणता रुग्ण बरा होईल आणि कोणत्या रुग्णात रोग उलटेल, हे शल्यचिकित्सकाला केवळ हाताच्या अंदाजाने सांगता येत नव्हते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९२२ पासून विकृतिशास्त्रज्ञ असलेले कथबर्ट ड्यूक्स यांनी या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या सूक्ष्म तपासणीतून शोधले. १९३२ मध्ये त्यांनी गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन टप्पे मांडले : आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित रोग, भिंत ओलांडून गेलेला पण लसीका ग्रंथींपर्यंत न पोहोचलेला रोग आणि लसीका ग्रंथींत पोहोचलेला रोग. रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर या तीन गटांतील जगण्याची शक्यता एकमेकांपेक्षा ठळकपणे वेगळी असल्याचे दिसले. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे कौशल्य कितीही असले, तरी रुग्णाचे भवितव्य पुष्कळसे रोगाच्या प्रसारावर अवलंबून असते आणि तो प्रसार विकृतिशास्त्रज्ञच अचूक सांगू शकतो, हे यातून सिद्ध झाले. उपचारांची तुलना करायची तर एकाच टप्प्यावरील रुग्णांची करावी लागते, हे तत्त्वही यातूनच रुजले. कर्करोगावरील नंतरचे सर्व चिकित्सालयीन संशोधन या तत्त्वावर उभे आहे.

परळच्या रुग्णालयात प्रयोगशाळेला शल्यचिकित्सेच्या बरोबरीचे स्थान मिळाले, ते या नव्या विचाराला धरूनच होते. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कर्करोगाचे निदान पक्के न मानणे, काढलेल्या प्रत्येक अवयवाची तपासणी करणे आणि नोंदी वर्षानुवर्षे जपणे ही शिस्त अशा रुग्णालयाचा आधार असते. भारतीय परिस्थितीत तिला विशेष महत्त्व होते. गुदाशयाच्या कर्करोगातील रक्तस्राव मूळव्याधीचा समजून अनेक रुग्ण दीर्घकाळ घरगुती उपाय करत राहतात आणि उशिरा रुग्णालयात येतात. तोंडातील न भरणाऱ्या जखमेकडेही असेच दुर्लक्ष होते. दूरच्या गावांहून आलेले रुग्ण उपचारानंतर पुन्हा तपासणीला येऊ शकत नाहीत, त्यामुळे उपचारांचा खरा परिणाम मोजणे अवघड होते.

भारतीय रुग्णालयांच्या नोंदींतून आणखी एक फरक पुढे आला. पाश्चात्त्य देशांत मोठे आतडे व गुदाशय यांचे कर्करोग वारंवार आढळत, तर भारतात त्यांचे प्रमाण तुलनेने कमी आणि तोंड, घसा, अन्ननलिका व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. एकच रोग वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळे अवयव का निवडतो, हा प्रश्न खानोलकर यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आला.

सवयी आणि कर्करोग

१७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढील आयुष्यात होणाऱ्या अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. व्यवसाय किंवा सवय यांतून कर्करोग उद्भवतो, हा विचार तेव्हापासून वैद्यकात होता. भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या चालीरीती ही या विचाराच्या पडताळणीची जणू नैसर्गिक प्रयोगशाळाच होती.

१९४५ मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्यबाई यांनी चालीरीतींशी निगडित अशा तीन नव्या प्रकारच्या भारतीय कर्करोगांवर अमेरिकेतील एका विकृतिशास्त्रविषयक नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी धोतराचा कर्करोग या नावाने ओळखला जाणारा प्रकार विशेष गाजला. कमरेला घट्ट आवळून दिवसभर नेसलेल्या धोतरामुळे एकाच रेषेत त्वचेचे सतत घर्षण होते. घाम आणि उष्णता यांची त्यात भर पडते. अनेक वर्षांनंतर त्या पट्ट्यातील त्वचेचा रंग बदलतो, ती जाड व खरखरीत होते आणि काही व्यक्तींमध्ये तेथे न भरणारा व्रण होऊन त्याचे कर्करोगात रूपांतर होते. पुढे साडी व परकराची नाडी घट्ट बांधल्यामुळे स्त्रियांच्या कमरेवरही याच प्रकारचा कर्करोग होत असल्याचे अनेक शल्यचिकित्सकांनी नोंदवले. संख्येने हा रोग विरळा असला, तरी त्याचे शास्त्रीय मोल मोठे होते. कोणतेही विषारी रसायन नसताना केवळ दीर्घकालीन घर्षणानेही कर्करोगाला वाट मिळू शकते, असे त्यातून सूचित झाले. शिवाय त्याचा प्रतिबंध अत्यंत साधा होता : नेसण्याची जागा बदलणे, गाठ सैल ठेवणे आणि बदललेल्या त्वचेकडे वेळीच लक्ष देणे.

याहून व्यापक परिणाम तंबाखूविषयीच्या संशोधनाचा झाला. १९५०मध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधाचा पुरावा मांडला. भारतात मात्र तंबाखूचा मोठा वाटा चघळण्यात आणि बिडी ओढण्यात जात असे. १९५५ मध्ये लाभशंकर संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग यांच्या संबंधावरील शोधनिबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या सवयींची तुलना कर्करोग नसलेल्या व्यक्तींच्या सवयींशी केली. चघळण्याचा संबंध प्रामुख्याने तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी, तर ओढण्याचा संबंध जिभेचे मूळ आणि घसा यांच्या कर्करोगाशी असल्याचे त्यातून दिसले. तंबाखू ज्या जागी दीर्घकाळ टिकते किंवा तिचा धूर जेथे जाऊन आदळतो, त्याच जागी रोग होतो, असा या निष्कर्षांचा आशय होता. भारतीय रुग्णांवर नियंत्रित तुलनेच्या पद्धतीने केलेल्या आरंभीच्या अभ्यासांमध्ये या निबंधाचे स्थान आहे.

मुंबईसारख्या शहरात निरनिराळे समाज शेजारी राहत असूनही त्यांच्यातील कर्करोगाचे स्वरूप वेगळे होते. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आढळे, तर हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा. धर्मश्रद्धेमुळे धूम्रपान टाळणाऱ्या पारशी समाजात तोंड व घसा यांचे कर्करोग तुलनेने कमी होते. एकाच हवामानात व एकाच शहरात असा फरक पडत असेल, तर त्याची कारणे विवाहाचे वय, अपत्यसंख्या, आहार, सवयी आणि आनुवंशिकता यांत शोधावी लागतील, ही दिशा या निरीक्षणांनी संशोधकांना दिली.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून मूलभूत संशोधनाची गरज पूर्ण होत नाही, या जाणिवेतून १९५२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले. त्याच्या उभारणीची जबाबदारी खानोलकर यांच्याकडे होती आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. पेशीविज्ञान, जीवरसायनशास्त्र, आनुवंशिकी आणि प्राण्यांवरील प्रयोग अशा शाखांतील शास्त्रज्ञ त्यांनी येथे एकत्र आणले. वैद्यकाची पदवी नसलेल्या जीवशास्त्रज्ञांना कर्करोग संशोधनात बरोबरीचे स्थान देणे, हे त्या काळातील भारतीय वैद्यकीय संस्थांच्या तुलनेत वेगळे पाऊल होते.

या धोरणाचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. कमल रणदिवे. पुण्यात वनस्पतिशास्त्र व पेशीविज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या रणदिवे यांनी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परतल्या आणि या केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पुढे त्यांनी केंद्राचे हंगामी संचालकपदही सांभाळले. संघवी यांनी येथे मानवी आनुवंशिकी व कर्करोगाच्या साथरोगशास्त्राचा पाया घातला.

आनुवंशिकी आणि किरणोत्सार

संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांमधील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास १९५०च्या सुमारास प्रसिद्ध केला. पिढ्यान्पिढ्या आपापल्या गटात विवाह होत आलेल्या समाजांमध्ये रक्तगटांसारख्या लक्षणांचे प्रमाण कसे बदलते, हे त्यात मोजले होते. शरीराच्या मोजमापांवरून वंश ठरवण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी मोजता येण्याजोग्या आनुवंशिक लक्षणांचा आधार घेणे, हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य मानले जाते.

अणुचाचण्यांच्या वाढत्या संख्येमुळे किरणोत्साराच्या दुष्परिणामांविषयी जगभर चिंता निर्माण झाली आणि १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी याविषयी शास्त्रीय समिती नेमली. या समितीवर खानोलकर यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. समितीने १९५८ मध्ये आपला पहिला सविस्तर अहवाल सादर केला.

कुष्ठरोगावरील संशोधन

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात आणि त्वचेवर चट्टा दिसण्यापूर्वी शरीरात काय घडते, याचा खानोलकर यांनी ऊतकांच्या सूक्ष्म तपासणीतून अभ्यास केला. रोगाच्या आरंभीच्या विकृतींवरील त्यांचा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा रोग आहे, या मताला या अभ्यासाने बळ दिले.

१९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका जंतूची माहिती प्रसिद्ध केली. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. कुष्ठरोगाचा मूळ जंतू कृत्रिम माध्यमात वाढवण्यात आजवर कोणालाही सर्वमान्य यश मिळालेले नाही. हा जंतूही कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून मायकोबॅक्टेरियम एव्हियम व त्याच्या जवळच्या जंतूंच्या गटातील असल्याचे पुढील संशोधनात ठरले. तरीही त्याचे प्रतिकारशक्तीविषयक गुण कुष्ठरोगाच्या जंतूशी मिळतेजुळते असल्यामुळे १९७०च्या दशकाच्या अखेरीस माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार केली व तिच्या चाचण्या भारतात घेण्यात आल्या. मूळ दावा टिकला नाही, पण त्यातून उपयुक्त संशोधनाची वाट निघाली, असे या प्रकरणाचे मूल्यमापन केले जाते.

संस्थात्मक कार्य आणि सन्मान

भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेचे खानोलकर संस्थापक अध्यक्ष होते. त्यांच्या स्मरणार्थ या संघटनेतर्फे व्याख्यान आयोजित केले जाते. ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आशियाई देशातील संशोधकाकडे हे पद येणे, ही त्या काळात लक्षणीय घटना होती. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांची वैद्यकाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमणूक केली. त्यांनी शंभराहून अधिक शोधनिबंध तसेच कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर पुस्तके लिहिली.

मर्यादा आणि मूल्यमापन

खानोलकर यांच्या काळातील बहुतेक निष्कर्ष रुग्णालयात आलेल्या रुग्णांवर आधारलेले होते. रुग्णालयात कोण पोहोचतो हे उत्पन्न, अंतर आणि सामाजिक स्थिती यांवर अवलंबून असते. त्यामुळे अशा आकड्यांवरून संपूर्ण लोकसंख्येतील रोगाचे प्रमाण ठरवता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी लोकसंख्येवर आधारित नोंदणीची आवश्यकता होती. भारतीय कर्करोग संस्थेने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत देशातील अशी पहिली नोंदणी सुरू केली. अवयवनिहाय वाटपाचे रुग्णालयीन नोंदींतून दिसलेले ढोबळ चित्र, म्हणजे तोंड व घसा यांच्या कर्करोगाचे मोठे प्रमाण आणि मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी प्रमाण, या नोंदणीतही कायम राहिले.

वारसा

खानोलकर यांचे २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन झाले. त्यांनी उभारलेले संशोधन केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. १९६२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय व हे केंद्र अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले आणि १९६६ मध्ये दोन्ही संस्था मिळून टाटा स्मारक केंद्र स्थापन झाले. २००२ मध्ये संशोधन संस्था नवी मुंबईतील खारघर येथे प्रगत केंद्राच्या स्वरूपात स्थलांतरित झाली.

तंबाखूसह विडा चघळल्याने माणसात कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये दिला. तंबाखूविना चघळलेल्या विड्याबाबतही तिने २००४ मध्ये असाच निष्कर्ष काढला. या निष्कर्षांसाठी वापरलेल्या पुराव्याचा मोठा भाग भारतातील अभ्यासांचा होता. २००३ मध्ये भारतात तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला आणि २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. तोंडाचा कर्करोग भारतात आजही मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्याचे रुग्ण आजही बहुधा उशिराच रुग्णालयात पोहोचतात. त्यामुळे रोगाचे कारण रुग्णाच्या रोजच्या जीवनात शोधण्याची आणि उपचाराइतकेच प्रतिबंधाला महत्त्व देण्याची खानोलकर यांनी घालून दिलेली दिशा आजही भारतीय कर्करोग संशोधनाचा आधार आहे.